नववी म्हातारी

२७ फेब्रुवारी, सोमवार

तीस वर्षं या गावात पोस्टाची पिशवी वाहिली. लोकांची पत्रं दारोदार पोचवली, पण स्वतः चार ओळी लिहायची वेळ कधी आली नाही. आज आली. इलिंकानं दवाखान्यातून फोनवर सांगितलं, "आई, रोजचं सगळं लिहून ठेव. डॉक्टर काय म्हणाले, बाळ कसं होतं, सगळं. मला नंतर काही म्हणजे काही आठवणार नाही." म्हणून ही वही.

तर लिहिते. माझ्या लेकीला आज पहाटे याश शहरातल्या मोठ्या प्रसूतिगृहात मुलगी झाली. दिवस भरायला अजून अडीच महिने होते. वजन एक किलो शंभर ग्रॅम. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय, श्वास मशीन देतंय. मी डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारलं की जगेल का. त्या म्हणाल्या, "आजी, पहिले दहा-बारा दिवस आम्ही कुणालाच काही सांगत नाही." चेहरा दगडासारखा. पण मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली.

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर चुलीवरच्या भिंतीचं कापड काढलं. सोळाव्या वर्षी मीच भरलेलं. दोन्ही कोपऱ्यांत कोंबडे, मधे लाल दोऱ्यानं ते वाक्य. अशी कापडं इथं घरोघरी आहेत आणि ते वाक्यही सगळ्यांना पाठ आहे, वाईट दिवस आलेल्याला धीर देणारं. इथं ते मी लिहिणार नाही. माझं नि त्या वाक्याचं जुनं भांडण आहे. घडी घातली आणि कपड्यांच्या पेटीत तळाशी टाकली.

जावई दारात उभा राहून बघत होता. "का काढलं, आई?" म्हणाला. "धुवायला," मी म्हटलं.

आजपासूनच ईस्टरचे मोठे उपास लागलेत. दूध, अंडी, मटण बंद. तसंही घशाखाली काही उतरत नाहीये.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

जावयाबद्दल लिहायला हवं, नाहीतर नंतर म्हणाल म्हातारी उगाच चिडते.

तो नेपाळचा. याशमध्ये इमारतींच्या परांचीवर काम करतो, उंचावर, पगार मोप नाही पण नियमित मिळतो. इलिंका तिथल्याच बेकरीत होती, तिथं जमलं. दोन वर्षांपूर्वी कचेरीत सह्या करून लग्न केलं. चर्च नाही, वरात नाही, माझी एकुलती एक लेक. नाव आमच्या जिभेला वळत नाही, म्हणून सगळं गाव त्याला लेओन्ते म्हणतं. तोही हाकेला ओ देतो. माणूस वाईट नाही. लाकडं फोडतो, विहिरीचं पाणी आणतो, आवाज चढवत नाही. पण माणसाच्या पोटात काय आहे ते कळायला भाषा लागते, आणि त्याची आमची भाषा म्हणजे बाजारात भाजी घेण्यापुरती.

आता ऐका. गेली दोन वर्षं देवाच्या तसबिरीपुढचा दिवा हाच लावायचा. मी न सांगता. आमच्यासारखी क्रुसाची खूण करायचा नाही, हात जोडून उभा राहायचा. मी मनात म्हणायचे, चला, निदान एवढं तरी. आणि काल पोरगी झाल्यापासून दिव्याला हात लावत नाही! सकाळी म्हटलं, "लाव की रे." तर मान हलवतो. "आता नाही, आई. तुम्ही लावा." तसबिरीच्या कोपऱ्याकडे फिरकतसुद्धा नाही, भिंतीच्या कडेकडेनं जातो.

पोर काचेत तडफडतेय आणि बापानं देवाशी बोलणं टाकलं. याचा अर्थ काय घ्यायचा मी?

आणखी एक. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नऊ मार्चला पेन्सिलीनं गोल केलाय. "नऊला काय आहे?" विचारलं. म्हणाला, "अकरावा दिवस." "मग?" शब्द शोधत राहिला, सापडले नाहीत, हसला. "काम आहे. सुट्टी घेतली." त्याचं ते हसणं बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

१ मार्च, बुधवार

ऊन. छपरावरचा बर्फ टपटप गळतोय.

आजपासून म्हातारीचे नऊ दिवस. ती म्हातारी, जी वसंत आला समजून एकेक करून नऊ कोट उतरवत डोंगरावर गेली आणि गोठून मेली, तिचे. प्रत्येकानं नवातला एक दिवस, म्हणजे एक म्हातारी, आपला म्हणून घ्यायचा. त्या दिवशी जसं आभाळ, तसं त्याचं वर्ष. एकदा सांगितला की बदलायचा नाही.

शेजारची कातिंका सकाळीच कुंपणाशी आली. "आग्लाये, मी पहिली म्हातारी घेतली बाई!"

"ऊन पडलेलं बघून घेतलीस. लबाड कुठली!"

"रात्रीच मनात धरलेली. देवाशप्पथ. तू कुठली घेतलीस?"

"मी नाही घेतली. माझा दिवस बाळाला दिला."

तिचं तोंड उघडंच राहिलं. "बाप्तिस्मा न झालेल्या लेकराला? आणि कुठला दिला?"

"नववी."

"शेवटची? अगं, नवव्या दिवशी नेहमी वादळ असतं! आज ऊन आहे, आजचा द्यायचास!"

तिला काही सांगितलं नाही, इथं लिहिते. नववी अशासाठी दिली, की जिचा दिवस नऊ तारखेला आहे तिला नऊ तारखेपर्यंत जगावं तर लागेल. माझी ही अक्कल. कातिंका गेल्यावर मात्र दुसरंच सुचलं. दिवस लांबचा दिला खरा, पण आभाळ कुठे माझ्या हातात आहे! त्या दिवशी वादळ झालं तर? आता बदलताही येत नाही.

मार्च लागला की इथं शुभ म्हणून लाल-पांढरे दोरे देतात, ते इलिंकासाठी आणि बाळासाठी वळून जावयाबरोबर पाठवले. नर्स झेनोव्हिया, आमच्याच गावची, तिनं बाळाचा दोरा पेटीच्या बाहेरून पट्टीनं चिकटवला. आत काही चालत नाही म्हणे. फोनवर सांगत होती, "आग्लायाबाई, शेजारी आणखी एक दोरा आहे. लाल-पिवळा. तो कुणाचा?" मला काय माहीत! दुसऱ्या कुणाच्या बाळाचा असेल.

३ मार्च, शुक्रवार

पावसात बर्फ मिसळलेला. चिखल.

आज भांडण झालं. गेले दोन दिवस बाळाचं ऑक्सिजन वरखाली होतंय. मी येरेमिया पाद्रींकडे गेले. ते म्हणाले, "मी उद्याच येतो दवाखान्यात. बाप्तिस्मा करून टाकू. आणि आग्लाया, प्रसंग पडला तर कुणीही करू शकतं. पाणी आणि नाव, एवढंच लागतं." पवित्र पाण्याची एक बाटलीही दिली, औषधाच्या बाटलीएवढी.

घरी येऊन इलिंकाला फोन लावला. तर ती म्हणते, "आई, नऊपर्यंत थांब."

"का? नऊला काय पंतप्रधान येणार आहेत?"

"लोकेंद्रच्या घरची पद्धत आहे. अकराव्या दिवसाआधी नाही. मी शब्द दिलाय त्याला."

"अगं पण ती नऊपर्यंत..."

"आई, पुढचं बोलू नकोस." तिचा आवाज असा कापरा झाला की मी फोनच ठेवला.

जावई चुलीशी घेवड्याचं भांडं घासत बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तू अडवतोयस. तुझी पद्धत! आमची पोर नावाशिवाय, पाण्याशिवाय गेली, तर तिला कुठे पुरतात माहितेय का तुला? कुंपणाबाहेर!"

तो उभा राहिला. हात साबणाचे. "अकरा दिवस, आई. मग नाव. मग तुमचे पाद्री. मी नाही म्हणत नाही."

"आणि तोवर काही झालं तर?"

"नाही होणार."

"का रे? देवाचा फोन आला का तुला?"

तो परत भांडं घासायला बसला. स्वच्छ झालेलं भांडं आणखी कितीतरी वेळ घासत होता.

५ मार्च, रविवार

काल लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. पाद्रींना तेवढं नऊपर्यंत थांबा म्हणून कळवलं. आज थोडं बरं आहे. डोक्याची तपासणी चांगली आली. नळीतून आईचं दूध देतायत, चमचाभरही नाही, पण पचलं. इलिंका दर तीन तासांनी पंपानं दूध काढते आणि मधल्या वेळात पेटीजवळ बसते. तिला म्हटलं, झोप जरा. म्हणाली, "झोपते की," पण मला ती माहितेय.

चर्चमधून येताना कातिंकानं आणखी एक किडा सोडला. तिच्या भावाच्या मुलीचा नवरा, तो परदेशी, मूल आजारी निघालं तसा कामाला जातो म्हणून गेला तो गेलाच. "नऊ तारखेला सुट्टी? अगं, सुट्टी कशाला घेतात? बॅग भरली का त्यानं?"

"गप बस," मी म्हटलं. पण ते डोक्यातून जात नाही. कारण तो काहीतरी लपवतोय. तो पायरीवर बसून ओठ हलवत असतो. खिशातून कागद काढतो, बघतो, डोळे मिटतो, पुटपुटतो. मी गेले की कागद खिशात. फोनवर त्याच्या आईशी बोलताना बोटांवर मोजतो, एक, दोन, तीन, अकरापर्यंत. म्हातारी पलीकडे रडते, हा तिला समजावतो. जाताना मला काय सांगायचं याची तालीम करत असेल. आमच्या भाषेत पाठ करून ठेवत असेल, की आई, मी जातो, माफ करा.

इलिंकाला हे कळलं तर तिचं दूधच आटेल.

७ मार्च, मंगळवार

आभाळ काळं. वारा.

घाईत लिहितेय, अक्षर वाचता आलं नाही तर नाही. काल संध्याकाळपासून बाळाला जंतुसंसर्ग. रक्त चढवलं. सकाळी झेनोव्हियाचा फोन आला, "या. मी दहा मिनिटं आत सोडते. पण कुणाला सांगू नका." एवढं ऐकल्यावर दुसरं काय समजायचं! मी कोटाच्या खिशात बाटली टाकली आणि पहिल्या मिनीबसनं निघाले.

झेनोव्हियानं हात कोपरापर्यंत धुवायला लावले, अंगठी काढायला लावली, अंगावर झगा चढवला. बाटली मी झग्याच्या बाहीत ठेवली. म्हातारपणी चोरी शिकले.

तिला पहिल्यांदा बघितलं. माझ्या हाताच्या पंजाएवढी पाठ, कातडी तांबडी, पातळ. तोंडात नळी. पोट भराभर हलतंय, ते तिचं नाही, मशीनचं. इलिंका दूध काढायला शेजारच्या खोलीत गेलेली. झेनोव्हियानं मुद्दाम पाठ केली. मी पेटीची गोल खिडकी उघडली, बुचाला हात घातला.

आणि अडले. पाणी होतं, पण नाव कुठे होतं? या पोरीला नावच नाही! पेटीवरच्या चिठ्ठीत नुसतं आईचं आडनाव आणि 'मुलगी'. मनात आलं, कुठलंही घे की, मारिया म्हण, आना म्हण, देवाला काय कळत नाही? तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना.

आता लिहूनच टाकते, ही वही इलिंकाच्या हाती पडणार असली तरी. इलिंकाच्या आधी मला एक मुलगा झाला होता. बावीस वर्षांची होते मी. असाच, दिवसांआधी. दवाखान्यात ऊब नव्हती, खिडक्यांना कागद लावलेले. सुईण म्हणाली, नाव ठेवायची घाई करू नका, बघू जगतो का. चार दिवस बघितलं. त्याला मी मनात वासिले म्हणत होते, पण मोठ्यानं एकदाही म्हटलं नाही, वाटायचं हाक मारली तर माझा जीव गुंतेल. जसा काही गुंतला नव्हता! पाचव्या दिवशी त्याला खोक्यात घालून नेलं आणि सासूबाईंनी मला भिंतीवरच्या कापडासमोर उभं करून ते वाक्य वाचून दाखवलं. माझ्याच हातानं भरलेलं. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या तोंडून निघालेलं नाही. नेकुलायच्या, माझ्या नवऱ्याच्या, मयताच्या दिवशी सगळे तेच म्हणत होते, तेव्हा मी उठून अंगणात गेले होते.

बाटली तशीच बाहीत घालून परत आले. दहा मिनिटंही झाली नव्हती. त्या पेटीवर ते दोन दोरे शेजारी शेजारी होते, माझा लाल-पांढरा आणि तो दुसरा.

८ मार्च, बुधवार

ताप तेवढाच. औषध लागू पडलंय की नाही ते उद्या कळेल. उद्याच नळी काढून बघणार आहेत, स्वतः श्वास घेते का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नळी जास्त दिवस ठेवणंही धोक्याचं. घेतला तर घेतला. नाही घेतला तर पुन्हा नळी, आणि मग त्यांना काही बोलता येत नाही.

उद्या म्हणजे नऊ. रेडिओवर हवामान सांगितलं: हिमवादळ.

दुपारी इलिंकासाठी जाड मोजे काढायला कपड्यांची पेटी उघडली, तर तळाशी कापड नाही! सगळी पेटी उपसली. नाही म्हणजे नाही. एकदम डोक्यात लख्ख झालं. शहरातले लोक अशी जुनी भरतकामाची कापडं विकत घेतात, गावात फिरतात त्यासाठी. कातिंकाचे शब्द आठवले. मी सरळ जाऊन त्याची बॅग ओढली आणि पलंगावर पालथी केली.

दोन शर्ट, दाढीचं सामान, लाल-पिवळ्या दोऱ्याचं बंडल. आणि माझं कापड, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं.

तेवढ्यात तो दारात. आज बायकांचा दिवस, हातात हिमफुलांची जुडी, माझ्यासाठी आणलेली. बॅग बघितली, मला बघितलं.

"चोर!" मी ओरडले. "निघायचंय ना तुला? नीघ! उद्या कशाला, आत्ता नीघ! पण माझ्या घरातली वस्तू नेऊन? तुझी पोर तिथं मरतेय आणि तू भिंतीवरचं विकायला काढलंस?"

अर्धं त्याला कळलं नसेल. पण 'मरतेय' कळलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. फुलं टेबलावर ठेवली, कापडाला हातही लावला नाही. खिशातून तो कागद काढून माझ्यासमोर धरला.

कागदावर इलिंकाचं अक्षर. वर आमच्या लिपीत ते वाक्य, भिंतीवरचं. खाली त्याच्या लिपीत, वर दांडी ओढलेली अक्षरं. शब्दांवर रेघा, कुठे जोर द्यायचा त्याच्या.

"इलिंका शिकवते," तो म्हणाला. "रोज, दवाखान्यात. कापड नेतो, दाखवतो, कसं भरलंय. वाचतो. मग बसमध्ये आणतो परत." शब्द शोधायला थांबला. "अकरावा दिवस, बाप बाळाच्या कानात नाव सांगतो. आमच्यात. त्याआधी बाप देवाजवळ जात नाही, दिवा नाही. उद्या बोलायचं. माझी भाषा मला येते. पण पोरगी तुमची पण आहे. तर तुमचं काय सांगू? या घरात आलो, पहिलं हे बघितलं, चुलीवर. मी इलिंकाला विचारलं, काय लिहिलंय? ती म्हणाली, आईनं लिहिलंय."

मी पलंगावर बसले. 

"म्हणून दाखव," मी म्हटलं. का म्हटलं ते मलाच माहीत नाही.

तो ताठ उभा राहिला, शाळेतल्यासारखा. कागद न बघता सुरू केलं. पहिला शब्द, दुसरा, तिसरा. उच्चार वेडेवाकडे, पण शब्द बरोबर. चौथ्याला अडला. डोळे मिटले, कपाळाला आठ्या. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चौथ्याला अडला.  "उद्या अडलो तर," म्हणाला, "उद्या अडलो तर, आई?"

चौथा शब्द मी सांगितला.

त्यानं तो म्हटला. माझ्याकडे बघत राहिला. मग पाचवा सांगितला, सहावा. तसं करत शेवटपर्यंत गेलो. माझ्या तोंडातून सगळं वाक्य बाहेर पडलं, अडतीस वर्षांनी, आणि मी ढसाढसा रडले, बॅगेतला त्याचा शर्ट तोंडाला लावून.

नंतर दोनशे वेळा तरी घोकून घेतलं त्याच्याकडून. घेवडा शिजेपर्यंत. चौथ्या शब्दाला अजून जीभ अडते त्याची.

९ मार्च, गुरुवार

पडदा सरकवला आणि पाहिलं. समोरचं कुंपण दिसत नव्हतं. बर्फ आडवा येत होता. अख्ख्या नऊ दिवसांत असा दिवस नव्हता. "शाबास, आग्लाये," मी स्वतःलाच म्हटलं, "छान दिवस दिलास नातीला."

बाहेरच्या खोलीत आले तर तो पहाटेच उठून, विहिरीच्या पाण्यानं अंघोळ करून, ओल्या केसांनी तसबिरीसमोर उभा. दिवा लावलेला. मी मागे उभी राहिले. नंतर म्हटलं, "चल, लोकेंद्र." लो, कें, द्र. तीन तुकडे केले की येतं. एवढं काही अवघड नाही. त्यानं वळून बघितलं आणि तो बूट घालायला गेला.

मिनीबस तासभर उशिरा. अर्ध्या वाटेत चाकं रुतली, पुरुष उतरून ढकलत होते, लोकेंद्र सगळ्यात पुढे. मी आत बसून घड्याळ बघत होते. आज चाळीस हुतात्म्यांचा सण, मांडीवर मी पहाटे भाजलेल्या, आठच्या आकड्यासारख्या दोन वेढ्यांच्या गोड पावांचा डबा. मध सांडून कोटाला लागला. एका बाईनं विचारलं, कुणासाठी नेताय? नातीसाठी, म्हटलं. खाते का गं ती, म्हणाली. मी तोंड फिरवलं.

पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. इलिंका पेटीपाशी उभी होती, दोन्ही हात तोंडावर. मी तशीच पुढे झाले. मग दिसलं. बाळाच्या तोंडात नळी नव्हती. नाकाला बारीकशी दोन टोकं लावलेली, आणि पोट हलत होतं, हळू, मधेच थांबून, पुन्हा. मशीनसारखं नाही. स्वतःचं.

"चाळीस मिनिटं झाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तापही उतरलाय. आज रडली, मांजरासारखी. आजी, मी अजून काही सांगत नाही हं."

"नका सांगू," मी म्हटलं.

लोकेंद्रनं हात धुतले, गोल खिडकीतून वाकला. आधी काहीतरी अगदी हळू बोलला, तिच्या कानाशी, ते आम्हाला ऐकू आलं नाही. ते नाव कुणाला सांगायचं नसतं म्हणे. मग त्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाकला आणि भिंतीवरचं वाक्य म्हणायला लागला. झेनोव्हिया हातातलं काम टाकून ऐकत होती. चौथ्या शब्दाला मी आणि इलिंका दोघींनी एकदम श्वास धरला. अडला नाही. गेला. शेवटपर्यंत गेला. शेवटच्या शब्दावर जोर चुकीचा दिला, पण कुणी बोललं नाही.

मग म्हणाला, "आई, बाटली आणली?"

 त्याला कसं माहीत?

"झेनोव्हियाताईंनी सांगितलं. मंगळवारी. आता तुमचं. आता चालेल." आणि बाजूला झाला. "या नावाचं तुम्ही ठरवा."

इलिंकाकडे बघितलं. ती मान डोलावून रडत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक थेंब, बोटावर घेऊन, आणि मी काही पाहिलं नाही. मी बोट भिजवलं. तिच्या कपाळावर टेकवलं. कपाळ माझ्या बोटापेक्षा फार रुंद नव्हतं.

"वासिलिका," मी म्हटलं. मोठ्यानं. खोलीतल्या सगळ्या पेट्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"आई, हे नाव कुठून काढलंस?" इलिंकानं विचारलं. म्हटलं, वहीत आहे, नंतर वाच.

बाहेर व्हरांड्यात पाव वाटत होते, तेवढ्यात कातिंकाचा फोन. गावच्या वाऱ्याचा घोंघाट फोनमधूनही ऐकू येत होता. "आग्लाये, अगं इथं गुडघाभर बर्फ! आजचा दिवस तू कुणाला दिलास ते आठवून सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मेणबत्त्या लावून बसलेय. तिकडे कसंय? सांग ना, तिकडे कसंय?"

व्हरांड्याला मोठी खिडकी आहे. रस्ता दिसत नव्हता, समोरची इमारत दिसत नव्हती, काचेवर बर्फ थापला होता. खाली कुणाची तरी गाडी रुतली होती.

"इथं?" मी म्हटलं. "इथं लख्ख ऊन पडलंय, कातिंका. डोळे उघडवत नाहीत."

ती मग म्हणाली, "बरं झालं गं बाई," आणि रडायला लागली.

तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही मी. आज खोटं बोलले, आणि उद्या कुणी विचारलं तरी हेच सांगणार आहे.